उलट्या नवसाचा रोडगा

वाशिम जिल्ह्यात समुद्र नाही. ही गोष्ट मला पन्नास वर्षांत एकदाही खटकली नव्हती.

आमच्या रिठदला विहिरी आहेत, बोअर आहेत (त्यातल्या काहींना पाणीसुद्धा आहे!), माझ्या शेतात तर चांगलं शेततळं आहे. एवढ्या पाण्यावर माणसाचं भागायला हरकत नाही. पण आमच्या पल्लवीचं भागलं नाही. पल्लवी म्हणजे माझी एकुलती एक मुलगी. बारावी झाली, कसकसल्या परीक्षा दिल्या, आणि एक दिवस जेवता जेवता म्हणाली,

"बाबा, मले जहाज बांधाचं शिकाचं हाय."

माझ्या हातातला भाकरीचा तुकडा वरणात पडला.

"काय बांधाचं?"

"जहाज. केरळात कॉलेज हाय त्याचं. चार वर्सं."

"अवं बाई, पण बांधून ठेवशीन कुठी? रिसोडच्या बसस्टँडवर?"

मी आपला विनोद केला आणि हसलो. घरात दुसरं कोणी हसलं नाही. बायको, सुनीता, ताटात भाकरी वाढता वाढता एवढंच म्हणाली, "तुमाले तं सारी मस्करीच सुचते."

तसं पाहिलं तर दोष माझाच. मला हे आधीच कळायला पाहिजे होतं. पल्लवी सातवीत असताना तिने चार रिकामे ड्रम दोराने बांधले, वर घरची बाज ठेवली आणि शेततळ्यात सोडली. वर स्वतः बसली आणि सोबतीला शेळी घेतली. उन्हाळ्याचे दिवस, पाणी कमरेएवढं, तरी माझा जीव उडाला. मी काठावरून ओरडत सुटलो. ती आरामात म्हणाली, "या ना बाबा, तुमी बी या!" तिला उतरवायला म्हणून मी त्या बाजेवर चढलो आणि बाज उलटली. पोरगी पोहून बाहेर आली, शेळी तिच्याआधी बाहेर आली. मी आणि माझा नवाकोरा मोबाईल मात्र तळाशी गेलो. मला बाहेर ओढल्यावर पोरगी मलाच रागावली.

"बाबा, तुमी सारं वजन एकाच बाजूले टाकलं! मंग उलटन नाई तं काय!"

सातवीतल्या पोरीने बापाला असं सांगितलं तेव्हाच मी समजायला हवं होतं, की हिला आता वाशिम पुरणार नाही. पण मी मोबाईल तांदळाच्या डब्यात ठेवण्यात गुंतलो होतो.

आता माझ्या स्वप्नाबद्दल सांगतो. आपल्यालाही एक स्वप्न होतं आणि ते लाल रंगाचं होतं. ट्रॅक्टर! सोयाबीन विकलं की थोडे, तूर विकली की थोडे, असे पैसे मी कितीतरी वर्षं बाजूला टाकत आलो होतो. ट्रॅक्टर घ्यायच्या आधीच एका जत्रेत मला त्याला लावायचे गोंडे दिसले. पिवळे, हिरवे, मध्ये आरशाच्या टिकल्या. मी लगेच घेतले. घरी आणून खुंटीला टांगले. दर दसऱ्याला गावातले लोक आपापल्या ट्रॅक्टरची पूजा करतात, आणि मी गोंड्यांची करतो. हळद-कुंकू, झेंडूचं फूल, नारळ, सगळं साग्रसंगीत. (ट्रॅक्टर नाही म्हणून काय झालं, श्रद्धा तर आहे!)

पोरगी केरळचं बोलली तेव्हा माझी नजर आधी त्या गोंड्यांकडे गेली. हे सुनीताने पाहिलं. बायकांना असलं बरोबर दिसतं.

आता खर्चाचा अंदाज घ्यायला हवा होता. त्यासाठी माझा साळा गजानन कामरगावाहून आला. गजाननचं तिथं मोबाईलचं दुकान आहे, त्यामुळे जगातली सगळी माहिती आपल्या खिशात आहे असं त्याला वाटतं. पल्लवीचा फॉर्म त्यानेच ऑनलाईन भरला होता. मला रुपयांत हिशेब जमत नाही. मी शेतकरी माणूस, मला कोणतीही गोष्ट किती पोते सोयाबीन आहे ते सांगा, लगेच कळतं. म्हणून मी ओट्यावर सोयाबीनचे दाणे घेऊन बसलो. एक दाणा म्हणजे एक क्विंटल. एकीकडे वाशिमचं कॉलेज, एकीकडे केरळचं.

"हं, बोल गजानन."

"वाशिमची फी इतकी. एसटीचा पास. झालं." गजाननने सहा-सात दाणे टाकले.

"बस? एवढंच?" मला कॉलेज एकदम आवडलं.

"आता केरळ. फी." त्याने मूठभर दाणे टाकले. "होस्टेल." आणखी मूठभर. "मेस. येण्याजाण्याचं रेल्वेभाडं. लॅपटॉप लागन. छत्री लागन, तिकडं लय पानी पडते. आन् तिकडं तिन्ही टाईम भात खातेत भाऊजी, पोरीले पोळी लागली तं ते अलग."

"पोळीचे अलग?" मी हादरलो. "मंग हे काय कॉलेज हाय का धाबा हाय?"

"बाबा, मी भात खाईन," पल्लवी आतून म्हणाली.

केरळच्या बाजूचा ढीग वाढत चालला. तेवढ्यात आमची कोंबडी ओट्यावर चढली आणि तिने टकटक करून होस्टेलचा अर्धा खर्च खाऊन टाकला.

"घ्या!" गजानन खूश झाला. "सवलत भेटली!"

मी कोंबडीला हुसकावलं आणि उरलेल्या दाण्यांकडे बघत बसलो. कोंबडीची सवलत धरूनही तो ढीग बरोबर एका ट्रॅक्टरएवढा होता. अगदी गोंड्यांसकट. बाकीचं बँकेकडून शैक्षणिक कर्ज घेता येईल, पोरीला शिष्यवृत्तीही मिळू शकेल, असं गजानन पुढे बरंच बोलत होता, पण माझ्या कानांत ट्रॅक्टर सुरू झाला होता आणि त्या आवाजात मला काही ऐकू येईना.

सुनीता दारात उभी होती. म्हणाली, "मंग? काय ठरवलं?"

"पाहू," मी म्हणालो. "आधी नंबर तं लागू दे."

'पाहू' या शब्दाचा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पल्लवीही आतून बाहेर आली होती. नुसतं दाण्यांकडे बघून आत गेली. तिने हट्ट केला असता, रडली असती, तर मला ओरडता आलं असतं. पण ही पोरगी गप्प बसते. गप्प बसलेल्या पोरीला 'नाही' कसं म्हणायचं हे मला कोणी शिकवलं नाही.

आणि मग मला एक नामी युक्ती सुचली. मी नवस बोललो.

आमच्याकडे नवसाचा रोडगा असतो. काम झालं की मारोतीसमोर कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, फोडून त्यावर तूप सोडायचं, सोबत वांग्याची झणझणीत भाजी, आणि गावाला चूलबंद आवतन. म्हणजे त्या दिवशी कोणाच्याच घरी चूल पेटत नाही, लहानथोर सगळे जेवायला आपल्याकडे. लोक मुलगा व्हावा म्हणून बोलतात, विहिरीला पाणी लागावं म्हणून बोलतात. मी शनिवारी सकाळी मारोतीच्या पारावर गेलो, आजूबाजूला कोणी नाही हे बघितलं आणि हळूच म्हणालो,

"मारोतीराया, पोरीचा नंबर नको लागू देऊ. मंग मले 'नाई' मनाचं काम पडनार नाई. तेवढं कर बावा, साऱ्या गावाले रोडगा देतो."

बोललो आणि लगेच लाज वाटली. पण बोललेला नवस काही परत गिळता येत नाही. घाईघाईत नारळ फोडला, तो नासका निघाला. (इथेच मी सावध व्हायला पाहिजे होतं!)

काही दिवसांनी यादी लागली. पल्लवी आणि सुनीता मोबाईलवर वाकून बघत होत्या. मी खाटेवर पेपर उलटा धरून वाचत होतो.

"नाई लागला," पल्लवी म्हणाली.

"अरेरे!" मी म्हणालो. मला वाटतं मी ते जरा जास्तच जोरात म्हणालो. "जाऊ दे वं बाई. आपल्या नशिबात नसन. वाशिमात बी चांगले कॉलेज हायेत!"

त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. पोरगी न जेवता शेततळ्याकडे निघून गेली, आणि तिथे काठावर किती तरी वेळ बसून होती. मी लांबून पाहिलं. तिसरी भाकरी मात्र घशाखाली गेली नाही, हेही सांगतो.

आता प्रश्न मारोतीच्या उधारीचा होता. गावात सगळ्यांची उधारी ठेवतात, किराणा दुकानदाराची ठेवतात, सोसायटीची ठेवतात, पण मारोतीची कोणी ठेवत नाही. नवस फेडायलाच पाहिजे. मी घरी जाहीर केलं, "येत्या शनवारी आपण गावाले रोडगा देऊन राह्यलो."

मला वाटलं सुनीता भांडेल. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिचे डोळे पाण्याने भरले.

"मले वाटलं नव्हतं," ती म्हणाली, "का तुमचा जीव एवढा मोठा हाय."

"आं? हो... म्हणजे..."

"आगाऊच रोडगा देऊन राह्यले मारोतीले! पोरीसाठी!"

मला एक अक्षर कळलं नाही. पण लग्नाला वीसेक वर्षं झालेल्या बायकोने आपल्याकडे अशा नजरेने पाहिलं, तर कारण विचारायचं नसतं. मी नम्रपणे मान खाली घातली. तिने त्या दिवशी माझ्या चहात साखर जास्त टाकली.

घोटाळा इथे होता. माझ्या समजुतीप्रमाणे यादी म्हणजे यादी. ग्रामपंचायतीच्या निकालासारखी, एकदा लागली की गुलाल उधळायचा नाहीतर गप घरी जायचं. पण या कॉलेजांच्या याद्या एकामागून एक लागतात! पहिली झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. ज्यांना जागा नको ते सोडतात, मागच्यांचा नंबर पुढे सरकतो. हे पल्लवीला माहीत होतं, सुनीताला माहीत होतं, कामरगावच्या गजाननला तर होतंच होतं. आणि दुसरी यादी लागणार होती नेमकी शनिवारी. म्हणजे बायकोला वाटत होतं, की यादी लागायच्या दिवशीच मी पोरीसाठी मारोतीला आगाऊ रोडगा चढवतोय. मला कोणी काही सांगितलं नाही, कारण मला सगळं माहीत आहे असंच त्यांना वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच घरच्यांचा असा गैरसमज झाला आणि तोही नको तेव्हा!

शनिवार उजाडला. पेरण्या आटोपल्या होत्या, वर चांगली उघाड होती, लोक मोकळे होते. सकाळपासून पारावर माणसं जमली. बाया कणीक मळायला बसल्या, गोवऱ्या रचल्या गेल्या, वांगी कापून कढईत पडली. आमचे शेजारी तुकारामकाका, ज्यांना गावातली प्रत्येक गोष्ट गावाच्या आधी कळावी लागते, माझ्याजवळ येऊन बसले.

"कायचा रोडगा हाय बावा?"

"असाच."

"असाच?" काकांनी तंबाखू मळणं थांबवलं. "अबे, असाच रोडगा देनारा मानूस या गावात अजून जन्माले नाई आला. अन् तू तं बिलकुलच नाई."

"नाई, असंच मनात आलं..."

"पोरीचा नंबर लागला, नाई का?" काका डोळे मिचकावत म्हणाले. "दृष्ट लागन म्हणून लपवून राह्यला लेका!"

मी काय सांगणार? 'नंबर लागला नाही म्हणून जेवण देतोय' असं कोणता बाप चारचौघांत सांगेल? मी हसलो. माझं ते हसू कबुलीच समजलं गेलं. काका उठले आणि थेट आराजवळच्या माणसांत गेले. तिथून बातमी बायांत गेली, बायांतून गावात. पाऊण गावाला कळेपर्यंत तिची वाढ चांगलीच झाली होती. आधी पल्लवीला जहाजाच्या कॉलेजात नंबर लागला होता. मग तिला जहाजावर नोकरी लागली. दुपारी एक म्हातारी माझी दृष्ट काढून म्हणाली, "बरं झालं रे बावा, सरकारनं पोरीले जहाज देल्लं. आता एक ड्रायव्हर ठेव चांगला."

लोक टोप्या, टॉवेल, पाकिटं घेऊन यायला लागले. मला एकावर एक इतक्या टोप्या घातल्या, की मान हलवायची चोरी झाली. पल्लवी पंगतीत पाणी वाढत होती. जो तो तिच्या डोक्यावर हात ठेवून "शाब्बास पोरी" म्हणत होता, आणि ती गोंधळून माझ्याकडे बघत होती. मी तिची नजर चुकवून वांग्याची भाजी वाढत सुटलो. ज्यांना नको त्यांनाही वाढली.

तेवढ्यात सरपंच आले. पांढरा शुभ्र पायजमा, हातात शाल आणि नारळ. आल्याबरोबर त्यांनी पारावर उभं राहून भाषण सुरू केलं.

"एक काळ असा होता, का आपल्या गावात पान्याचं टँकर येत होतं! अन् आज? आज आपल्या गावची पोरगी जहाज बांधाले जाऊन राह्यली! ह्याले मन्तेत विकास!"

टाळ्या पडल्या. सरपंचांनी शाल माझ्या खांद्यावर टाकली. (टोप्यांमुळे ती गळ्यात अडकली.) मग ते पंगतीत बसले आणि मी त्यांना भाजी वाढायला वाकलो. मनात मारोतीला म्हणालो, 'देवा, आता फक्त हे सारे जेवून घरी जाऊ दे.' आणि त्याच क्षणी गजाननचा आवाज आला.

गजानन रेंज मिळावी म्हणून पाण्याच्या टाकीवर चढला होता. तिथून मोबाईल उंच धरून तो बोंबलला,

"भाऊजी! लागला! लागला नंबर! दुसऱ्या यादीत! केरळ!"

पंगतीतला एक जण घास न थांबवता म्हणाला, "लागला तं हायच. त्याच्यासाठीच तं जेवून राह्यलो."

माझ्या हातातली बादली कलली. वांग्याची भाजी, तर्रीसकट, सरपंचांच्या पायजम्यावर गेली. 'विकास' डावीकडून उजवीकडे लाल झाला. सरपंच ओरडत उभे राहिले, माणसं पाणी घेऊन धावली, आणि या सगळ्या गोंधळात सुनीता पल्लवीला मिठी मारून रडत होती. पल्लवी हसत होती. पहिली यादी लागल्यापासून ती हसली नव्हती. ते बघून मला आनंद झाला, आणि त्याच वेळी खुंटीवरचे गोंडे आठवले. असा दोन्हीकडून मार मी आधी कधी खाल्ला नव्हता.

दिवस कलला, भांडी घासून झाली, गाव पांगलं. मारोतीच्या पारावर आम्ही तिघंच उरलो. पल्लवी माझ्या शेजारी येऊन बसली.

"बाबा, एक सांगा. नवस काय बोलले होते तुमी?"

"कोणता नवस?"

"मारोतीच्या समोर बसून खोटं नका बोलू."

मी मारोतीकडे पाहिलं. शेंदूर लावलेला, गदा खांद्यावर, सगळा रोडगा चाटूनपुसून घेतलेला. मी सांगून टाकलं. सगळं. नंबर लागू नये म्हणून बोललो होतो ते, आणि पहिल्या यादीनंतर दोन भाकरी जास्त खाल्ल्या तेही.

सुनीता उभी राहिली. तिने पदर खोचला. लग्न झालेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही.

पण पल्लवी एकदम हसायला लागली. हसता हसता तिला बोलता येईना.

"बाबा... अवो बाबा... मारोतीनं तं सोता समुद्र उडून पार केला होता! जहाज नाई, काई नाई! त्यालेच जाऊन सांगतले तुमी, का पोरीले समुद्राकडं जाऊ देऊ नको मनून?"

मी मारोतीकडे बघतच राहिलो. पन्नास वर्षं ज्या देवाला दर शनिवारी तेल वाहिलं, त्याची एवढी साधी माहिती मला वेळेवर आठवली नाही. गावात देवांची काय कमी होती? म्हसोबा होता, मरीआई होती. त्यातला एकही कधी समुद्रावर गेलेला नाही!

"अन् आयका," सुनीता म्हणाली, "मी बी नवस बोलली हाय. याच मारोतीले. पोरीचा नंबर लागला तं रोडगा देईन मनून. पुढच्या शनवारी."

"अजून एक?"

"आजचा तुमच्या नवसाचा होता. माह्या नवसाचा अजून बाकी हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेततळ्यावर गेलो. पल्लवी आधीच तिथे काठावर पाय सोडून बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली,

"बाबा, ट्रॅक्टर घ्या तुमी. मी वाशिमातच शिकन. खरंच सांगते. नंबर लागला, एवढंच मले पाह्यचं होतं."

ती खरंच बोलत होती. तेच तर वाईट होतं. ती रडत नव्हती, टोमणा मारत नव्हती. तिने तिच्या बाजूचे सगळे दाणे गुपचूप उचलून माझ्या बाजूला ठेवले होते.

मी तिच्या शेजारी बसलो. "तू सातवीत होती तवा मले काय म्हणाली होती?"

"काय?"

"सारं वजन एकाच बाजूले टाकू नका, उलटन म्हणून."

ती माझ्याकडे बघायला लागली. माझे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला शेतात काहीच नसतं. मी तोंड पुसलं आणि नेहमीच्या आवाजात ओरडलो, "अन् आता नाई कशी मनतं? साऱ्या गावानं रोडगा खाल्ला! सरपंचाचा पायजमा गेला! खाल्लेला रोडगा परत मागाले जाऊ का मी घरोघरी?"

ती हसली आणि रडली, दोन्ही एकाच वेळी. तेवढं बघायला मिळालं, आणि ट्रॅक्टर गेला. खरं सांगतो, त्या क्षणी मला सौदा महाग वाटला नाही. (महाग वाटला तो नंतर, होस्टेलची अनामत भरताना.)

पुढच्या शनिवारी दुसरा रोडगा झाला. पुन्हा गाव चूलबंद, पुन्हा वांगी. या वेळी सरपंच काळी पँट घालून आले आणि माझ्यापासून चार माणसं सोडून बसले. तुकारामकाकांनी ढेकर देऊन विचारलं, "तिसरी यादी कवा हाय बावा?"

पल्लवी निघाली तेव्हा वाशिमच्या स्टेशनवर निम्मं गाव आलं होतं. तिची सुटकेस निळी. फलाटावर पाहिलं तर प्रत्येक दुसऱ्या माणसाची सुटकेस निळी. आता हिची गर्दीत ओळखायची कशी? मी घरून निघतानाच विचार करून आलो होतो. पिशवीतून गोंडे काढले आणि सुटकेसच्या मुठीला बांधले. पिवळे, हिरवे, मध्ये आरशाच्या टिकल्या.

"बाबा! हे काहून आणले? हे तं ट्रॅक्टरचे..."

"असू दे," मी म्हणालो. "लांबून दिसते."

गाडी हलली. शेवटपर्यंत मला तिचा चेहरा दिसला नाही, डोळ्यांत पाणी होतं. दारातल्या सुटकेसचे गोंडे मात्र लांबपर्यंत दिसत राहिले.

आता ती तिथं दुसऱ्या वर्षाला आहे. भात खाते. परवा तिने फोटो पाठवला. लाकडाचं हातभर लांब जहाज, तिने स्वतः केलेलं, पाण्यावर तरंगताना. टोकाला एक हिरवा गोंडा बांधलेला. तो फोटो मी गावात सगळ्यांना दाखवला. त्या म्हातारीने तर विचारलं, "एवढुसं? सरकारनं फसवलं का रे तुले?" कोणी विचारलं, "ट्रॅक्टर कवा घेतं?" तर मी ऐटीत सांगतो, "घेतलं ना. केरळात हाय. पान्यावर चालते."

दर शनिवारी मी मारोतीला तेल वाहतो, हात जोडतो, आणि तोंड घट्ट मिटून घरी येतो. मागच्या महिन्यात पल्लवी फोनवर सहज बोलून गेली, "बाबा, पुढचं शिकाले परदेशात बी जाता येते." सुनीताने ते ऐकलं, आणि तडक बाजारातून वांगी घेऊन आली.